गॅलरीतले घरटे आणि कॅमेऱ्याचे अंतर

प्रश्न : मी 62 वर्षांची असून पुण्यात कोथरूडला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून पक्षी पाहायला वेताळ टेकडीवर किंवा कवडीपाटला जाणे जमत नाही, भिगवण तर दूरच राहिले. गेल्या दिवाळीत मुलाने मोठ्या झूमचा कॅमेरा घेऊन दिला. आमच्या गॅलरीसमोर, पूर्वेला, उंबर, शेवगा आणि एक जुना पांगारा आहे. पक्षी पुष्कळ येतात, पण माझ्या फोटोत ते एक तर पुसट येतात, नाही तर काळे ठिपके दिसतात. आता गॅलरीतच मधुमालतीच्या लोंबत्या वेलाला एका इवल्या पक्ष्याने पिशवीसारखे घरटे बांधले आहे. माझे दीर म्हणतात, समोरची चार पाने कापली की फोटो सुरेख येईल. त्याच जातीचा काळा पक्षी रोज सकाळी बेडरूमच्या खिडकीवर चोच आपटतो. शेजारीण याला अपशकुन म्हणते. त्यातच पंधरा दिवसांनी इमारतीला रंग लावायचे काम सुरू होणार आहे. घरट्याचे काय करू, फोटो कसे काढू, आणि घरात बसून पक्षीनिरीक्षण खरेच होते का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातला पानांचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. एकही पान कापू नका. वेल बाजूला सारू नका, दोऱ्याने मागे बांधू नका, आणि ‘फोटोपुरती पाच मिनिटे’ म्हणूनही तसे करू नका. घरट्यापुढचे पान आपल्याला अडथळा वाटते. पक्ष्याच्या दृष्टीने मात्र ते दुपारच्या उन्हाचा आडोसा असते आणि कावळ्याच्या नजरेपुढचा पडदाही तेच असते.

हे मला फार वर्षांपूर्वी लालबुड्या बुलबुलाच्या एका घरट्याने शिकवले. अंगणातल्या जास्वंदीत ते घरटे होते, त्यात तीन पिल्ले होती, आणि मध्ये येणाऱ्या दोन डहाळ्या मी कात्रीने छाटल्या. त्या संध्याकाळी मला हवे तसे छायाचित्र मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या झुडपातून एक भारद्वाज सावकाश खाली उतरताना दिसला आणि घरटे रिकामे होते. बुलबुलाची जोडी दिवसभर चोचीत किडे घेऊन त्या जास्वंदीभोवती फिरत राहिली. ते छायाचित्र मी आजवर कोणाला दाखवलेले नाही. तुमच्या दिरांचा हेतू वाईट नाही, हे मला ठाऊक आहे, माझाही नव्हता.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून हा पक्षी शिंजीर आहे, ज्याला बरेच जण सूर्यपक्षी म्हणतात. पुण्यात घरांजवळ प्रामुख्याने दोन जाती दिसतात. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात संपूर्ण गडद, निळसर-जांभळ्या चकाकीचा असतो. दुसऱ्या जातीच्या, म्हणजे जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या नराचे पोट पिवळे आणि पाठ तपकिरी-लाल असते. तुमच्या खिडकीवर येणारा ‘काळा’ पक्षी हा पहिल्या जातीचा नर असावा. तो कधी काळा, कधी निळा दिसतो, याचे कारण त्याच्या पिसांत निळे रंगद्रव्य नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो तेव्हा तो रंग उमटतो, आणि प्रकाशाचा कोन चुकला की तोच पक्षी कोळशासारखा दिसतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण तुमच्या काळ्या ठिपक्यांचे निम्मे उत्तर तिच्यातच आहे.

आता घरट्याकडे, अर्थात लांबून. कोळ्याच्या जाळ्याचे धागे, वाळकी पाने, सालीचे कपटे आणि सुरवंटांची लेंडी यांनी विणलेली ती लांबट पिशवी असेल. तिचे दार बाजूला असते आणि दारावर पावसाची झड अडवावी तशी छोटी वळचण काढलेली असते. खाली लोंबणारे धागेदोरे पाहून कोणालाही वाटावे की वेलाला कचरा अडकला आहे. हे सारे काम मादी करते, आणि अंड्यांवर बसतेही तीच. अंडी बहुधा दोन असतात. ती उबवायला 15 ते 17 दिवस लागतात, आणि पिल्ले उडून जाईपर्यंत आणखी साधारण दोन आठवडे जातात. म्हणजे पहिल्या अंड्यापासून हिशेब धरला तर घरटे साधारण एक महिना वापरात राहते.

तुमच्या रंगकामाचा निकाल या हिशेबावर लागणार आहे, आणि त्यासाठी तुम्हाला घरट्यात डोकावण्याची मुळीच गरज नाही. आतल्या खोलीत खुर्ची टाका, पडदा निम्मा ओढून घ्या आणि सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास नुसते बघा. मादी चोचीत कापसासारखे काही घेऊन येत असेल तर बांधकाम किंवा आतले अस्तर अजून चालू आहे. ती आत जाऊन बराच वेळ बाहेरच येत नसेल आणि दारातून तिची बारीक वाकडी चोच तेवढी दिसत असेल, तर ती अंड्यांवर बसली आहे. नर आणि मादी दोघेही कोळी, अळ्या घेऊन पुन्हा पुन्हा येऊ लागले की पिल्ले बाहेर आली असे समजा. शिंजीर फुलांतला मध पितात, परंतु पिल्लांना वाढवतात ते किड्यांवर. आणि एके दिवशी आई घरट्यातून बाहेर पडताना चोचीत पांढरी, ओली पुडी घेऊन दूर उडून जाताना दिसेल. ती पिल्लांची विष्ठा असते. घरटे स्वच्छ राहावे आणि वासाने शत्रूला माग लागू नये म्हणून पुष्कळ लहान पक्षी ती अशी लांब नेऊन टाकतात. ती पुडी तुम्हाला दिसली, तर घरट्यात जिवंत, खाती-पिती पिल्ले आहेत हे तुम्ही खुर्चीवरून न उठता जाणले. पक्षीनिरीक्षण घरात बसून होते का, असे तुम्ही विचारले आहे. ते असे होते.

चार दिवस असे पाहिल्यावर तुम्हाला अंदाज येईल की घरट्याला अजून किती दिवस हवे आहेत. मग सोसायटीच्या सचिवांना लेखी विनंती करा की तुमच्या बाजूची भिंत सर्वांत शेवटी रंगवावी. रंगाऱ्यांना कुठून तरी सुरुवात करायचीच असते, त्यामुळे बाजूंचा क्रम बदलणे बहुधा कोणाला जड जात नाही; जड जाते ते परांची बांधून झाल्यावर थांबणे. म्हणून उशीर करू नका. विनंतीत तारीख घाला, ‘काही दिवस थांबा’ असे मोघम लिहू नका. घरटे उचलून दुसऱ्या कुंडीत टांगू, असे कोणी सुचवील. तसे होऊ देऊ नका. घरट्याची जागा हलली की आईबाप पुष्कळदा ते सोडून देतात. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणेही येते. कायद्याची भाषा शेजाऱ्यांशी लगेच बोलू नये, असे माझे मत आहे. आधी घरटे दाखवावे, कारण दाखवल्यावर बहुतेक माणसे आपणहून हळुवार होतात. तरीही कोणी ऐकलेच नाही, तर वन विभागाचा 1926 हा मदत क्रमांक आहे.

आता छायाचित्राकडे येतो. माझा सल्ला तुम्हाला कठोर वाटेल, पण तो असा आहे की घरटे वापरात असेपर्यंत घरट्याचे छायाचित्र काढूच नका. तुम्ही त्या घरात राहता, तारेवर कपडे वाळत घालता, झाडांना पाणी घालता, आणि त्या पक्ष्याने तुमची ही ये-जा पाहूनच जागा निवडली आहे. ते सगळे नेहमीच्या वेळी, नेहमीच्या चालीने चालू ठेवा. त्याला नवी असते ती गॅलरीत स्थिर उभी राहून घरट्यावर रोखलेली मोठी काळी भिंगाची नळी. कोणी आपल्याकडे टक लावून बघत आहे, याचा अर्थ पक्ष्याच्या जगात एकच होतो. मादी चोचीत किडा घेऊन आली आणि आत न जाता तारेवरच इकडून तिकडे उड्या मारत ‘चिप् चिप्’ करत राहिली, तर ती तुमच्यामुळे अडली आहे असे समजा आणि तत्काळ आत जा. कडक उन्हात तिचा असा खोळंबा पुन्हा पुन्हा झाला, तर पिल्लांचे पोट मारले जाते. फ्लॅशचा तर विचारही नको. मोबाइलवर त्याच पक्ष्याचा आवाज वाजवून नराला जवळ बोलावण्याची युक्ती तुम्हाला कोणी सांगितली, तर तीही नको. नर आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून घास टाकून भांडायला येतो, आणि तुमच्या छायाचित्रात जो ‘सुंदर आविर्भाव’ दिसतो तो त्याचा संताप आणि घाबरगुंडी असते.

मग काढायचे काय? शिंजीर घरट्यात सरळ क्वचित शिरतो. तो आधी कुठे तरी टेकतो, आजूबाजूला पाहतो आणि मग आत जातो. ती टेकण्याची जागा ठरलेली असते. शेवग्याची एखादी नागडी डहाळी, समोरच्या इमारतीवरून आलेली केबल, जास्वंदीचे टोक, यांपैकी एखादी जागा तुमच्या दोन दिवसांच्या नोंदीतून आपोआप सापडेल. घरट्यापासून पाच-सात मीटर दूर असलेल्या त्या जागेवर कॅमेरा आधीच रोखून ठेवा. तुम्ही आत, कॅमेरा आत, खिडकीचे एक तावदान उघडे. पक्षी येईल, तीन-चार सेकंद बसेल, जाईल. आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा येईल. पक्ष्याच्या मागे लागून जे छायाचित्र मिळत नाही, ते त्याच्या वाटेवर बसून राहिल्याने मिळते. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला याहून सोयीची पद्धत नाही. टेकड्या तुडवणाऱ्या, धडधाकट छायाचित्रकारांनीही हीच शिकावी असे मला मनापासून वाटते.

तुमची छायाचित्रे पुसट का येतात, हे त्या छायाचित्रांनाच विचारता येते. एखादे उघडून मोठे करून पाहा. पान, फांदी, पक्षी, सगळेच सारख्या दिशेने फरपटल्यासारखे दिसत असेल तर हात हलला आहे. फांदी रेखीव आणि फक्त पक्षी पुसट असेल तर पक्षी हलला आहे आणि शटर स्पीड, म्हणजे कॅमेऱ्याची झडप उघडून मिटण्याचा वेग, कमी पडला आहे. पक्षी पुसट आणि त्याच्या मागची पाने रेखीव असतील तर फोकस चुकून मागे गेला आहे. आणि जे काही आहे ते सगळेच मऊ, धुरकट दिसत असेल तर तुम्ही बंद काचेतून, भर दुपारच्या झळांतून किंवा डिजिटल झूम (भिंगाने नव्हे, नुसते चित्र ताणून मोठे करणे) वापरून काढले आहे. या चार दुखण्यांची औषधे वेगवेगळी आहेत; सगळ्यांवर एकच उपाय करू गेले की माणूस नवा कॅमेरा विकत घेतो.

हात हलण्यावर घरगुती उपाय सांगतो. जाड कापडाची पिशवी किंवा जुन्या उशीचा अभ्रा घेऊन त्यात दोन-अडीच किलो तांदूळ भरा, तोंड शिवून टाका आणि खिडकीच्या कठड्यावर ती पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवा. खिडकीतून काढायचे असेल तर ती ट्रायपॉडपेक्षा अधिक सोयीची पडते, आणि कॅमेऱ्याचे ओझे मनगटावर येत नाही. पक्षी हलण्यावर उपाय म्हणजे शटर स्पीड. बसलेल्या पक्ष्याला सेकंदाचा 1/500 भाग पुरतो, परंतु शिंजीर बसलेला असतानाही मान फिरवत असतो, म्हणून त्याच्यासाठी 1/1000 ठेवा; फुलापुढे पंख फडफडवत थबकलेला टिपायचा असेल तर 1/2000 ही कमीच पडतो. शटर स्पीड वाढवला की प्रकाश कमी मिळतो, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, ‘ऑटो’वर सोडा आणि वरची मर्यादा 1600 ठेवा. थोडे दाणेदार आले तरी चालेल. दाणेदार छायाचित्रात पक्षी ओळखता येतो, हललेल्यात येत नाही. फोकससाठी कॅमेरा स्वतःच जागा निवडतो तो पर्याय बंद करा, मधला एकच बिंदू निवडा आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर ठेवा. डोळा रेखीव असला की बाकीचे सगळे खपते. डिजिटल झूम सेटिंगमध्ये जाऊन कायमचा बंद करा.

काळ्या ठिपक्यांचे कारण तुमच्या पत्रातच आहे. तुमची गॅलरी पूर्वेला आहे आणि तुम्ही सकाळी काढता. म्हणजे सूर्य झाडांच्या मागे, तुमच्या समोर असतो. मागचे आभाळ लख्ख, आणि पक्ष्याची जी बाजू तुमच्याकडे आहे ती सावलीत. कॅमेरा त्या लख्ख आभाळावरून उजेडाचा अंदाज बांधतो आणि पक्षी काळा पडतो. सकाळीच काढायचे असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे चित्र उजळ किंवा गडद करण्याची मात्रा, +1 किंवा +1.7 पर्यंत न्या, आणि आभाळाऐवजी ज्याच्यामागे पाने येतात असा पक्षी निवडा. परंतु खरा उपाय वेळ बदलण्याचा आहे. दुपारी चारनंतर सूर्य तुमच्या इमारतीच्या पाठीमागे जातो आणि समोरच्या झाडांच्या शेंड्यांवर सरळ, पिवळसर ऊन पडते. इमारतीची सावली झाडावर किती वर चढते आणि किती वाजता, हे दोन संध्याकाळी पाहून घ्या. ती शेंड्यापर्यंत पोहोचण्याआधीचा अर्धा-पाऊण तास तुमचा. त्या उन्हात तो कोळसा एकाएकी निळाजांभळा पेटलेला दिसेल. सकाळ दुर्बिणीसाठी ठेवा आणि संध्याकाळ कॅमेऱ्यासाठी. दुर्बीण नसेल तर 8×42 मापाची घ्या. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. त्याहून जास्त पटीची घेऊ नका, हात थरथरला की तिच्यातले चित्रही थरथरते.

खिडकीवर चोच आपटणाऱ्या नराबद्दल शेजारणीला सांगा की त्यात शकुन-अपशकुन काही नाही. विणीच्या दिवसांत नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला उभा राहू देत नाही, आणि काचेत त्याला रोज सकाळी तोच हट्टी शत्रू दिसतो, जो याने चोच मारली की उलटून चोच मारतो. दयाळही असे करतो, आणि स्कूटरच्या आरशाशी झुंजणारा धोबी तुम्ही पाहिला असेल. यात त्याची शक्ती आणि घरट्याला द्यायचा वेळ फुकट जातो, म्हणून काचेवर बाहेरच्या बाजूने जुने वर्तमानपत्र चिकटवा किंवा साबणाचे दाट पाणी फासा. आतून पडदा लावून उपयोग नाही. उलट मागे अंधार झाला की प्रतिबिंब अधिक ठळक होते. दोन आठवड्यांत त्याचे हे वेड ओसरेल.

घरात बसून पक्षीनिरीक्षण होते का, हा प्रश्न मी सर्वांत शेवटी घेतला, कारण त्यात मला सर्वांत अधिक रस आहे. मुंबईत जन्मलेले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली जर्मनीतून शिकून परतले तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. पत्नीच्या माहेरचे अलिबागजवळ किहीमला समुद्रकाठी घर होते, तिथे ते 1930 च्या सुमारास राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची वसाहत होती. शिडीवर आडोसा करून ते दिवसचे दिवस तिच्यासमोर बसून राहिले, आणि त्यातून कळले की सुगरण नर अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडले तर आत राहते, आणि मग तो ते पूर्ण करून दुसऱ्या मादीसाठी पुढचे विणायला घेतो. गावोगावच्या विहिरींवर ही घरटी शतकानुशतके लोंबत होती. हे कळायला कोणी तरी एका जागी बसून राहावे लागले. दूर जाता येत नाही याची तुम्ही खंत करता, पण माझ्या अनुभवाने पुष्कळ हिंडणाऱ्या माणसाला पक्ष्याचे एकेक क्षण दिसतात; त्याचे दिवस दिसतात ते एका जागी राहणाऱ्याला.

तुमच्यापुढची तीन झाडेही काही सामान्य नाहीत. उंबराला फळे खोडाला आणि जाड फांद्यांनाच लागतात आणि ती पिकली की तांबट, कोकीळ, हळद्या आणि नशिबात असेल तर राखी धनेशही तुमच्या नजरेच्या पातळीवर येतो. रस्त्यावरून मान वर करून पाहणाऱ्याला पक्ष्याचे पोट दिसते. तिसऱ्या मजल्यावरून तुम्हाला त्याचा डोळा दिसतो. शेवगा फुलला की शिंजीर आणि चष्मेवाले येतात. पांगारा निष्पर्ण होऊन लाल फुलतो तेव्हा साळुंक्या, कोतवाल यांच्याबरोबर गुलाबी मैनांचे, म्हणजे भोरड्यांचे थवे त्यावर उतरतात, आणि त्या मध्य आशियाकडच्या आपल्या विणीच्या मुलुखाकडे परतण्याच्या तयारीत असतात. त्या जुन्या पांगाऱ्याला वाळकी फांदी असेल तर ती नीट न्याहाळा. खालच्या बाजूला छोटे गोल भोक दिसले तर ते तांबटाचे घर आहे. पावसाळ्याआधी धोकादायक फांद्या छाटायला माणसे येतात. त्यांना झाडावर चढण्याआधी ते भोक दाखवा.

या सगळ्याची एक वही करा. तारीख, वेळ, झाड, पक्षी, किती होते, काय करत होते, एवढेच लिहायचे. नाव कळले नाही तर वर्णन लिहा: चिमणीएवढा, डोळ्याभोवती पांढरे कडे, थव्याने, शेवग्याच्या फुलांत. ओळखायला मोबाइलवरचे मर्लिन हे ॲप मदत करते, पण आधी वहीत वर्णन लिहा आणि मग ॲप उघडा. उलटे केले की डोळे तपशील टिपायचे सोडून देतात. रोज एकाच वेळी पंधरा मिनिटांची यादी केलीत आणि ती ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवलीत, तर पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्यांनाही तिचा उपयोग होतो. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराजवळच्या पक्ष्यांची गणना होते, तिच्यात अशाच किमान पंधरा मिनिटांच्या याद्या मागतात. आपल्याकडे वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या निमित्ताने 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. तोवर हिवाळी पाहुणे आलेले असतात, तेव्हा त्या आठवड्यातली तुमची यादी आजच्या यादीशी ताडून पाहा. मात्र शिंजिराच्या घरट्याचा पत्ता किंवा छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नका. चांगली माणसेही दहा जण मिळून आली की घरट्याला जड होतात.

पाण्याचे भांडे ठेवायचे असेल तर मातीचे, पसरट आणि उथळ ठेवा, काठाशी दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल नको, आणि रोज घासून पाणी बदला, म्हणजे डासही होणार नाहीत. पण पिल्ले उडेपर्यंत ते या गॅलरीत नको, घराच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीत असू द्या, कारण पाण्यावर कावळेही येतात. दाणे टाकू नका; त्याने फक्त कबुतरे वाढतात आणि त्यांच्या विष्ठेचा त्रास माणसांच्या फुप्फुसांना होतो.

एक नाजूक गोष्ट. समोरच्या इमारतीकडे मोठ्या भिंगाचा कॅमेरा रोखलेला दिसला तर कोणालाही अवघडल्यासारखे होईल. पहिल्याच आठवड्यात समोरच्या दोन-तीन घरांना जाऊन सांगा, चार छायाचित्रे दाखवा, आणि त्यांच्या मुलांना संध्याकाळी दुर्बिणीतून तांबट बघायला बोलवा. रंगकामाच्या बैठकीतही हीच माणसे तुमच्या बाजूने बोलतील.

पिल्ले बाहेर पडतात त्या दिवशी एखादे खाली कुंडीत किंवा फरशीवर बसलेले सापडेल. ते घाबरलेले, आखूड शेपटीचे, मान आत ओढून बसलेले असेल. त्याला आजारी समजून घरात आणू नका, दूध-पाणी पाजू नका. मांजराची भीती असेल तर हलक्या हाताने उचलून वेलात उंचावर ठेवा आणि आत जा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, हा समज चुकीचा आहे. ती त्याचा आवाज ऐकून येईल.

त्यानंतरही लगेच घरटे काढू नका, कारण शिंजीर कधी कधी दुसऱ्यांदा वीण घालतात. दोन-तीन आठवडे कोणीही फिरकले नाही, रंगारी खोळंबले आहेत आणि घरटे खरेच रिकामे आहे अशी खात्री झाली, की मग कॅमेरा घेऊन गॅलरीत जा, तांदळाची पिशवी स्टुलावर ठेवा आणि हवे तितके जवळून काढा. कोळ्याचे धागे पानांच्या कपट्यांना कसे गुंडाळले आहेत, दारावरची वळचण कुठून सुरू होते, आतले अस्तर कशाचे आहे, हे सगळे त्या दिवशी निवांत टिपता येईल, आणि तेव्हा दिरांनाही बोलवा.